बिबड्यांचे दिवस, बाईंचा वाढीव पगार

ज्वारी भिजत घालून आज तिसरा दिवस. ओसरीवर पाय ठेवला की आंबूस वास नाकात शिरतो. सून नाकाला पदर लावते. मी लावत नाही. हा वास आला नाही, तर ज्वारी नीट भिजली नाही असं समजायचं आणि बिबड्यांचा नाद सोडून द्यायचा.

होळी गेली की आमच्याकडे नरडाण्याच्या बाजूनं कोरडा वारा सुरू होतो. कडुलिंबाचा मोहोर गळून अंगणभर होतो, झाडून झाडून हात दुखतात. उन्हाळ्याबद्दल लोक गोड गोड लिहितात. आमच्या धुळे जिल्ह्याच्या उन्हाळ्यात गोड काही नाही. दुपारी कुत्रंसुद्धा मोरीचा ओलावा सोडत नाही. पण बिबडे वाळायला असलंच ऊन लागतं, म्हणून मी उन्हाला नावं ठेवत नाही. ज्याचं काम त्यानं केलं की झालं.

याच दिवसांत शाळा सकाळची होते. पोरं डोळे चोळत दप्तर ओढत जातात आणि ऊन तापायच्या आत परत येतात. मधल्या वेळात गल्ली आम्हा बायांची. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ, मीठ टाकायचं, मग भिजवून दळलेल्या ज्वारीचं पीठ सोडायचं आणि लाकडी दांडक्यानं हाटत राहायचं. हे शिजलेलं पीठ म्हणजे घाटा. तो गरम असतानाच बाजेवर ओलं धोतर अंथरून त्यावर पातळ थापायचा. वाळला की बिबडा. घाटा हाटायचं काम माझं, कारण माझे दंड अजून शाबूत आहेत. थापायचं काम इंदूबाईचं.

इंदूबाई माझ्या शेजारची. तिच्या बिबड्यातून पलीकडचं दिसतं असं म्हणतात. ते खोटं आहे. पण उजेड दिसतो, हे खरं. माझं माहेर पहूरकडचं. तिथे बोली वेगळी, पण बिबडे हेच. तिथेही असा हात मी पाहिला नाही. आमच्यात रीत अशी की आज माझ्या अंगणात, उद्या तुझ्या अंगणात. काम झालं की प्रत्येक बाईला थोडा घाटा आणि थोडे बिबडे. इंदूबाईला मात्र इतरांपेक्षा जास्त. कोणी ठरवलं ते माहीत नाही, पण सगळ्या देतात आणि त्यावरून भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

याच रीतीची दुसरी बाजू आहे. खालच्या आळीतली किंवा शेजारच्या गावची बाई विचारत आली, की तुमच्याकडे चांगली थापणारी कोण, तर आम्ही सगळ्या एका सुरात इंदूबाईची नालस्ती करतो. तिना हात जड शे. तिले मीठ समजत नही. मागच्या वर्षी तिचे निम्मे बिबडे फाटले. इंदूबाई तिथेच बसलेली असते आणि पदरात तोंड घालून हसते. तिला कळतं, की आपल्याला जितकी नावं ठेवली जातात तितक्या आपण गल्लीला हव्या आहोत. ती एकदा दुसऱ्या आळीत अडकली, की आमचं भिजलेलं पीठ फुकट जाईल. म्हणून आमच्याकडे चांगली वस्तू आणि चांगलं माणूस परक्यापुढे वाईटच असतं.

सपकाळे बाई आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या. घर धुळ्याला. एसटीनं नरडाण्याच्या फाट्यापर्यंत, तिथून मिळेल त्या गाडीनं गावात. शाळेला शिक्षक दोनच, मुख्याध्यापक पाटील गुरुजी आणि बाई. बाईंचा आवाज मोठा, चालणं भरभर, राग नाकावर. गावात कोणाकडे चहा घेत नाहीत. एका घरी घेतला तर बाकीच्या घरांनी काय पाप केलं, असं म्हणतात. पण बिबड्यांच्या दिवसांत सकाळची शाळा सुटली, की रिकामा डबा घेऊन माझ्या फाटकाशी उभ्या राहायच्या. मी त्यात गरम घाटा घालायची, वर कच्चं तेल. बाई उभ्यानंच खायच्या, बोटं चाटायच्या आणि गाडी गाठायला पळायच्या. घाटा म्हणजे चहा नव्हे, असा त्यांचा हिशेब असावा. मी विचारलं नाही.

माझी नात कोमल. घरात तोंड बंद नाही, शाळेत मात्र मुकी. पहिलीचं निम्मं वर्ष ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. पाटील गुरुजी म्हणाले होते, पोरगी मंद आहे. बाईंनी काहीच म्हटलं नाही. त्या पोरांना घरातून अक्षरं छापलेलं काहीही आणायला सांगायच्या. साबणाचा कागद, बियाण्याचं रिकामं पाकीट, एसटीचं तिकीट. सगळी पोरं मोठ्यानं वाचायची. कोमलची पाळी आली की बाई तिच्याजवळ खाली जमिनीवर बसायच्या आणि कान पुढे करायच्या. कोमल कानात वाचायची. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाई, पण तेवढा वेळ वर्गाला चूप बसवून कान देऊन बसायच्या. चूक झाली तर त्याही कोमलच्या कानातच सांगायच्या. असं किती महिने चाललं देव जाणे. एक दिवस कोमलनं कपाशीच्या बियाण्याचं पाकीट मोठ्यानं वाचलं, आणि बाईंनी टाळ्या वगैरे काही वाजवल्या नाहीत. म्हणाल्या, पुढचा. हे मला कोमलनंच सांगितलं. टाळ्या वाजवल्या असत्या तर पोरगी परत मुकी झाली असती. तेवढं मला कळतं.

कोमल दुसरीत गेली त्या वर्षी सरकारची योजना आली. सरकारी शाळांमधले जे शिक्षक शिकवण्यात खरोखर तरबेज आहेत त्यांना पारखायचं आणि राज्याच्या खर्चानं पगारावर जादा पगार द्यायचा. नोकरीची वर्षं भरली म्हणून नाही, हुशारी आहे म्हणून. बाईंनी नाव दिलं. थंडीत त्यांची लेखी परीक्षा झाली. एसटीत उभ्यानं पुस्तक वाचताना लोकांनी त्यांना पाहिलं. पुढे साहेब लोक येऊन त्यांचा तास बघणार होते आणि गावात पालकांना विचारणार होते.

पाटील गुरुजींना हे आवडलं नाही. पारावर बसून ते म्हणायचे की फळा सारखा, खडू सारखा, पोरंही सारखीच, मग एकीलाच जास्त का? मग बाकीच्यांनी हात वर करून बसायचं का? ऐकणारे मान हलवायचे. मी तिथून दूध घेऊन जायची. मी शाळा शिकले चौथीपर्यंत, पहूरकडे. तिसरीला आम्हाला एक मास्तर होते, ते खुर्चीत झोपायचे. चौथीला एक बाई होत्या, त्यांच्यामुळे मी आज हे लिहिते आहे. दोघांना पगार सारखाच असणार. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आणि म्हातारी झाले तरी पटत नाही.

पण गुरुजींचं अगदीच चूक होतं असंही नाही. जास्त घाटा दिल्यानं इंदूबाईचा हात हलका झालेला नाही. तो आधीपासूनच हलका होता. मग जास्त द्यायचं कशाला? मी यावर हाटता हाटता पुष्कळ विचार केला आहे. द्यायचं, कारण नाही दिलं तर ती एक दिवस म्हणेल, जाड थापलं तरी तेवढंच आणि पातळ थापलं तरी तेवढंच, मग मी कशाला पाठ मोडून घेऊ? आणि तिनं असं म्हटलं तर तिची काही चूक नाही.

बायांना मात्र दुसरीच धास्ती होती. बाईंच्या आधी गावात एक तरुण गुरुजी होते. त्यांची तारीफ आम्ही सगळ्यांनी साहेबापुढे तोंड भरून केली. पुढच्या जूनमध्ये त्यांना इतर मास्तरांना शिकवायला तालुक्याला नेलं, आणि त्यांच्या जागी जो माणूस आला त्याला पोरांची नावंसुद्धा पाठ झाली नाहीत. म्हणून समिती येणार असं कळल्यावर माझ्या दिराच्या सुनेनं, शेवंतानं, गल्लीत फिरून सगळ्यांना पढवलं. बाईंना चांगलं म्हणायचं नाही. मला तर तिनं वेगळंच बजावलं, "अक्का, तू फक्त घाटा हाट. बोलू नको." मी खरं बोलते, अशी माझ्याबद्दल गावभर तक्रार आहे.

समिती आली ती नेमकी माझ्या अंगणात बिबडे चालू असताना. साहेब शाळेत तास बघायला थांबले आणि बरोबरच्या मॅडम पालकांना शोधत निघाल्या. सगळ्या आया माझ्याकडेच होत्या, म्हणून त्या तिथे आल्या. बोलणं पुण्याकडचं, हातात काचेची पाटी, बोटानं टिपून घेत होत्या. आल्या आल्या बाजेवर टेकायला गेल्या. बाजेवर ओले बिबडे. इंदूबाईनं त्यांना दंडाला धरून ओढलं म्हणून वाचल्या, म्हणजे बिबडे वाचले.

मग त्यांनी विचारलं, सपकाळे बाई कशा शिकवतात?

"ठीक शे," शेवंता म्हणाली. "येस नि जास."

येते नि जाते. मॅडमनी टिपलं. दुसरी म्हणाली, ओरडतात फार. तिसरी म्हणाली, सगळं ध्यान गाडीकडे. शेवंता म्हणाली, पोरांना काही येत नाही, कागदं गोळा करायला लावतात नुसती. बायांनी खोटं बोलायला सुरुवात केली ती भीतीनं, हे मला ठाऊक आहे. पण थोड्या वेळानं त्यांना त्यात गोडी लागली. एकीनं म्हटलं की दुसरीला त्याहून वाईट काही सुचायचं. फातिमाबी बांगडीवाली तेवढी गप्प बसली होती आणि हातानं उगाच तीळ निवडत होती.

मी चुलीशी होते, म्हणून माझं तोंड फाटकाकडे होतं. बाकीच्यांची पाठ. साहेबांनी बघितलेला तास संपून शाळा सुटली होती, आणि बाई तिथे उभ्या होत्या, हातात रिकामा डबा. केव्हा आल्या होत्या कोण जाणे. पण "कागदं गोळा करायला लावतात" हे त्यांनी ऐकलं होतं, एवढं नक्की. तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी समजू शकले असते. तोंड पुसल्यासारखं कोरं होतं. त्या वळल्या.

मला ठाऊक होतं, मी आता बोलले तर बाई गेल्या. तरुण गुरुजी गेले तशाच. कोमल दुसरीत, तिची अजून तीन वर्षं बाकी, आणि बाई गेल्या तर ती परत कोणाच्या कानात वाचणार? हे सगळं माझ्या डोक्यात आलं. पण कोणी मन लावून काम करावं आणि त्याच्या पाठीमागून ते काम मातीत घालावं, तेही तो ऐकत असताना, हे मला सहन होत नाही. कधीच होत नाही.

"बाई, थांबा," मी म्हटलं. मग मॅडमना म्हटलं, "या सगळ्या खोटं बोलतात. लिहा तुम्ही."

आणि मी कोमलची गोष्ट सांगितली, कानाची. शेवंता माझा पदर ओढत होती. मी ओढू दिला.

मॅडमचं बोट काचेवर तसंच राहिलं. त्यांनी बायांकडे पाहिलं आणि विचारलं, मग खोटं का सांगत होता?

शेवंतानं मान वर केली. "चांगलं सांगं की तुम्ही लई जातस बाईले."

चांगलं सांगितलं की तुम्ही बाईंना घेऊन जाता. मॅडमनी काचेची पाटी मांडीवर ठेवली. म्हणाल्या, अहो, उलट आहे. जादा पगार ज्याला मिळेल त्यानं त्याच शाळेत निदान तीन वर्षं शिकवायचं, अशी अटच आहे. चांगले शिक्षक खेड्यातल्या शाळा सोडून जाऊ नयेत म्हणूनच तर सरकार पैसे देतंय.

माझं हाटणं थांबलं होतं. चुलीवरचा घाटा खाली लागला, करपल्याचा वास आला. तो वास मला अजून आठवतो, कारण आयुष्यात माझा घाटा त्यानंतर कधी लागला नाही.

मग सगळ्या एकदम सुरू झाल्या, की ते पुसा, पहिलं लिहिलेलं सगळं पुसा. मॅडम म्हणाल्या, पुसते, पण नवीन काय लिहू ते सांगा. आणि इथे खरी गंमत झाली. कोणाला सांगता येईना. नावं ठेवायला शब्द पुरत नव्हते, आणि चांगलं म्हणायची वेळ आली तर शेवंता म्हणाली, "चांगली शे." मॅडम म्हणाल्या, चांगली म्हणजे कशी? शेवंता म्हणाली, "म्हणजे... चांगली शे." आमच्या तोंडाला ती सवयच नाही.

शेवटी फातिमाबी बोलली. ती बांगड्यांची पेटी घेऊन बाजार बाजार फिरते. ती म्हणाली, पहले मैं गाडी पूछती थी दस लोगां को, दोनदा चुकीच्या गाडीत बसून भलतीकडे गेले. आता पोरगी रुबिना बरोबर असते, ती गाडीची पाटी वाचते, मैं किसी को नहीं पूछती. मग इंदूबाई म्हणाली, माझा मुलगा खताच्या पोत्यावरचं वाचून बापाला सांगतो. मग एकेक निघत गेलं. शेवंता सगळ्यात शेवटी म्हणाली, की आजारी पडला तरी तिचा गणू शाळेत जायला रडतो. हे सांगताना तिचा आवाज भांडताना असतो तसाच होता.

बाई फाटकाशीच होत्या. सगळं ऐकलं. मग मॅडमना म्हणाल्या, "तुमचं झालं असेल तर मी निघते. माझी गाडी आहे." घाटा न घेता गेल्या.

पावसाळ्यात बाईंच्या नावाचा आदेश आला. पाटील गुरुजींनी पेढे वाटले. बोलायचं ते बोलले होते, पण माणूस वाईट नाही. बाई मात्र आमच्याशी कामापुरतं बोलायच्या. गल्लीतून जाताना समोर बघून जायच्या. एकदा मी त्यांना रस्त्यात अडवलं आणि इंदूबाईची सगळी रीत सांगितली, की आम्ही तुम्हाला लपवत होतो.

"ते कळलं, अक्का," त्या म्हणाल्या. "पण इंदूबाईंना ठाऊक असतं. मला कोणी सांगितलं नव्हतं." मग म्हणाल्या, "घरचे बदली घे म्हणत होते. येण्याजाण्यात अर्धा जीव जातो. हा पगार मिळाला तर इथे राहते असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी इथे राहायला मिळावं म्हणून परीक्षा दिली, आणि तुम्ही म्हणत होता, येस नि जास."

मी म्हटलं, "रागवा. रागानं राहा. पण राहा."

त्या हसल्या नाहीत. राहिल्या.

वाढीव पगारानं बाईंचं शिकवणं वाढलं का, असं मला विचाराल तर नाही. शिकवणं तेच, ओरडणं तेच. पण त्यांनी एक जुनी स्कूटी घेतली, ती नरडाण्याच्या फाट्यावर ओळखीच्या दुकानाशी लावतात. गावातून फाट्यापर्यंत गाडी मिळते की नाही ही घाई संपली. शाळा सुटल्यावर एखादं पोर अडलं असेल तर त्याचं होईपर्यंत बसतात. पैशानं एवढं केलं. हे थोडं नाही. बाकी जे होतं ते पैशाच्या आधीपासून होतं.

दुसऱ्या वर्षी याच दिवसांत बाई परत फाटकाशी आल्या. हातात डबा. मी घाटा घातला. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे. कमी नव्हतं. पण मी आत जाऊन मीठ आणलं.

आणि आता शाळेची तीन वर्षं भरली. अट संपली. बाईंची मुलगी धुळ्यात दहावीला जाईल, नवऱ्याचं दुकान तिकडे. बदलीचे अर्ज याच दिवसांत भरतात. शेवंता रोज माझ्याकडे येऊन म्हणते, अक्का, तू विचार. मी विचारत नाही. सरकारनं तीन वर्षांसाठी बांधलं होतं, तीन वर्षं झाली. माणसाला जायचं असेल तर जाऊ द्यावं. कोमल आता पाचवी संपवून जूनमध्ये नरडाण्याच्या शाळेत जाईल. वर्गात सगळ्यात जास्त तोंड तिचंच चालतं, अशी तक्रार आहे. म्हणजे माझा स्वार्थ उरलेला नाही. तरी रोज सकाळी स्कूटीचा आवाज येईपर्यंत मी अंगण झाडत राहते, झाडून झालं तरी.

आज शाळा सुटल्यावर बाई आल्या. डबा नव्हता, घाटा उद्या आहे हे त्यांना ठाऊक होतं. ओसरीवर भिजलेल्या ज्वारीच्या पातेल्याजवळ बसल्या, हात घालून चार दाणे काढले, दाबून पाहिले.

"बदलीचे अर्ज काल बंद झाले, अक्का," त्या म्हणाल्या.

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"पुढच्या वर्षी माझीपण पायलीभर भिजवा. सकाळची शाळा सुटली की येईन थापायला."

"ज्वारी तुमची तुम्ही आणायची," मी म्हटलं.